पार्टचे पैसे देतो, मग तपासणीचे का नाही?

नवे ब्रेक पॅड टाकले, तरी ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं. ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्या अलीकडे फार वाढल्या आहेत. कुणी भुसावळहून येतं, कुणी एरंडोलहून. कुणी धुळ्याहून जळगावला लग्नाला आलेलं असतं आणि परत जाताना धास्ती नको म्हणून गाडी दाखवायला थांबतं. खेड्यातला माणूस अहिराणीत सांगतो, ‘भो, ब्रेक मारा का गाडी हाली ऱ्हायनी.’ शहरातला म्हणतो, ‘व्हायब्रेशन येतंय, भाऊ.’ दोघांचा पुढचा प्रश्न मात्र एकच असतो, ‘आता काय बदलावं लागेल?’

माझ्या मते खरा घोळ या प्रश्नापासूनच सुरू होतो. या थरथरीवर लोक जो पैसा घालतात त्यातला बराचसा वाया जातो, कारण काय बिघडलं हे मोजायच्या आधीच काय बदलायचं हे ठरलेलं असतं. पार्टचे पैसे देताना गिऱ्हाईक कुरकुरत नाही. तपासणीचे पैसे मागितले की म्हणतं, ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ बघायचे पैसे मिळत नाहीत म्हणून मिस्तरी बघत नाही, पार्ट बदलतो आणि त्यातल्या कमिशनवर दिवस काढतो. ही रीत गिऱ्हाईक आणि मिस्तरी दोघांनी मिळून पाडली आहे. ती मोडायचीही दोघांनीच.

मी धुळ्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला आणि जळगावात गॅरेज टाकलं. त्या काळात जळगाव–धुळे रस्ता दुपदरी होता आणि पारोळ्याच्या अलीकडे-पलीकडे खड्डे चुकवण्यातच वेळ जायचा. नव्वदेक किलोमीटरच्या त्या वाटेवर गाडी साठच्या वर फार वेळ टिकायचीच नाही. तरसोद–फागणे चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं, पण जसजसे मोकळे पट्टे मिळत गेले तसतसा वेग वाढला. आता लहान गाडीसुद्धा शंभरनं जाते. पूर्वी जो दोष गाडीत असूनही कळत नव्हता, तो आता हाताला लागतो.

याचं गणित सोपं आहे. लहान कारचं चाक एका फेऱ्यात साधारण १.८ ते २ मीटर पुढे जातं. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला अकरा-बारा फेरे झाले. डिस्कवर एक जागा जरी जाड असली तरी पॅडला सेकंदाला तेवढेच धक्के बसतात. स्टेअरिंग आणि पुढच्या सस्पेन्शनची स्वतःची हलण्याची लय बऱ्याच गाड्यांत याच्या आसपास असते. म्हणून ऐंशी-शंभरला ब्रेक मारला की थरथर उठते आणि वेग साठच्या खाली आला की विरून जाते. गावात ट्रायल मारून ‘काही नाही, गाडी ठीक आहे’ म्हणणाऱ्याला ती सापडत नाही, ती याच कारणानं.

आता ‘डिस्क वाकली’ या निदानाकडे येऊ. आपल्याकडे हे सगळ्यात आवडतं निदान आहे. पण बिडाची डिस्क रोजच्या वापरात अशी सहज वाकत नाही. अमेरिकेतले रेसिंग इंजिनिअर आणि लेखक कॅरोल स्मिथ यांनी याच गैरसमजावर एक लेख लिहिला होता. वाकलेली म्हणून आणलेली डिस्क नीट तपासली की पॅडचा माल तिच्यावर कमी-जास्त चिकटलेला सापडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. माझाही अनुभव त्याच बाजूचा आहे. डिस्क सपाट असते, पण तिची जाडी सगळीकडे सारखी नसते. कुठे पॅडचा थर जास्त बसलेला, कुठे बीड जास्त घासलेलं. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा लागतो. पॉइंट झिरो टू, म्हणजे ०.०२ मिलिमीटरचा फरकसुद्धा काही गाड्यांत जाणवतो. माणसाचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. कितीही मुरलेला मिस्तरी असो, एवढा फरक बोट फिरवून सांगता येत नाही.

दुसरा दोष म्हणजे डिस्कचा झोल. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्याला आवळतात त्या भागावर, अगदी सरळ बसली नाही तर फिरताना तिची कड किंचित आत-बाहेर होते. गंमत अशी की नुसत्या झोलानं सुरुवातीला फार थरथर येत नाही, कारण पॅड धरणारा कॅलिपर पिनांवर सरकून तो सांभाळून घेतो. पण ब्रेक न दाबता गाडी चालते तेव्हा डिस्कची तीच जागा प्रत्येक फेऱ्यात पॅडला चाटून जाते. दोन-तीन हजार किलोमीटरांत तिथली जाडी बदलते आणि मग स्टेअरिंग हलायला लागतं. त्यामुळे नवीन डिस्क-पॅड टाकले, दोन महिने गाडी छान चालली आणि पुन्हा थरथर आली, असं कुणी सांगितलं की माझी नजर आधी हबकडे जाते.

पारोळ्याच्या एका शिक्षकांची गाडी याचं चांगलं उदाहरण आहे. त्यांनी एका गॅरेजमध्ये पॅड बदलले, थरथर राहिली. ‘पॅडचा माल हलका आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीचे टाकले. तरी राहिली. मग दोन्ही डिस्क नव्या घातल्या. गाडी शांत झाली, सरांना समाधान वाटलं, आणि अडीच महिन्यांत थरथर पुन्हा हजर. त्यानंतर अलाइनमेंट झालं, बॅलन्सिंग झालं, एक टायरही बदलला. सगळी बिलं त्यांनी पिशवीत जपून ठेवली होती. त्या बिलांत पार्ट होते, फिटिंगची मजुरी होती. कुणी काही मोजल्याची एक ओळ नव्हती.

ट्रायल मारली तेव्हा स्टेअरिंग हलत होतं, सीट शांत होती. म्हणजे दोष पुढच्या चाकांत. चाक काढलं, डिस्क नटांनी हबवर आवळली आणि डायल गेज लावला. कडेला ०.१४ मिलिमीटरचा झोल निघाला. डिस्क उतरवली तर हबच्या तोंडावर गंजाची खपली बसलेली. नवी डिस्क त्या खपलीवरच चढवली होती. हबवरचा कण जेवढा जाड, त्याच्या जवळपास दुप्पट झोल डिस्कच्या कडेला दिसतो, कारण डिस्क हबपेक्षा मोठी असते. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरनं हब साफ केला, पुन्हा डिस्क चढवून मोजलं. झोल ०.०४ वर आला. तोवर डिस्कची जाडी मात्र बिघडली होती. मायक्रोमीटरनं आठ जागी मोजून पाहिलं, किमान जाडीपेक्षा भरपूर माल शिल्लक होता, म्हणून लेथवर हलकी फिरवून घेतली. पाळधीच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर पॅड डिस्कशी जुळवून घेतले आणि गाडी सरांच्या ताब्यात दिली. हे सगळं मिळून त्यांना एका नव्या डिस्कपेक्षा कमी खर्च आला. त्यांनी विचारलं, ‘मिस्तरी, हे आधी कुणी का नाही पाहिलं?’ मी म्हटलं, ‘सर, पाहायचे पैसे कुणी देत नाही आणि कुणी मागतही नाही.’

तपासणी म्हणजे नेमकं काय, हे गिऱ्हाइकाला माहीत असलं तर तो पैसे द्यायला का-कू करणार नाही. म्हणून क्रमानं सांगतो.

सुरुवात प्रश्नांनी होते. ब्रेक न दाबताही गाडी थरथरते का? तसं असेल तर ब्रेकला हात लावू नये. चाकाचं बॅलन्सिंग, टायरला आलेला फुगा, खड्ड्यात आपटून वाकलेली रिम, हे आधी बघावं. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथर येते का? मग कुठे येते? स्टेअरिंगला येत असेल तर बहुधा पुढच्या डिस्क. सीटखाली किंवा पायाखाली येत असेल तर मागचे ड्रम बघायचे. खात्रीसाठी मिस्तरीनं मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे-पुढे कुणी नसताना, चाळीसच्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढून पाहावा. साधा दांड्याचा हँडब्रेक असेल तरच हे करावं. गाडी तेव्हाही हलली तर ड्रम आऊट आहे. आणखी एक खुलासा. एप्रिल २०१९ पासून नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला आणि पायाखाली कर्रकर्र धक्के आले, तर ते एबीएसचं काम चाललेलं असतं. तो दोष नाही.

मग चाकाचे नट. पंक्चर काढल्यावर हवेच्या गननं नट कडाकड आवळायची सवय सगळीकडे आहे. एक नट जास्त, दुसरा कमी आवळला तर डिस्कवर वाकडा ताण येतो आणि झोल वाढतो. नट समोरासमोर, टप्प्याटप्प्यानं आणि शेवटी टॉर्क रेंचनं आवळायला हवेत. किती आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो. बऱ्याच लहान गाड्यांत तो १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. गाडीची काही तक्रार नसतानाही पंक्चरनंतर नट हातानं नीट आवळून घेतले तर अर्धी दुखणी उद्भवणारच नाहीत.

त्यानंतर मोजमाप. डायल गेजनं झोल, मायक्रोमीटरनं जाडी. झोल किती चालतो ते गाडीनुसार ठरतं, बहुधा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या दरम्यान. किमान जाडीचा आकडा तर बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो, फक्त गंज पुसून वाचावा लागतो. जाडी त्याच्या खाली गेली असेल तर डिस्क बदलायचीच, आणि दोन्ही बाजूंची बदलायची. जाडी पुरेशी असेल तर लेथवर फिरवता येते. पण डिस्क लेथवर खरी बसली पाहिजे, नाहीतर टर्नर असलेला दोष काढून नवा घालून देतो.

पुढे कॅलिपर. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना मोकळ्या आहेत का, पिस्टन मागे जातो का, हे बघायचं. आपल्याकडे पावसाळ्यात शेतरस्त्यांवर गाड्या जातात, काळी माती आत जाऊन बसते आणि वाळली की पिना जाम होतात. पिन जाम झाली की एक पॅड घासत राहतो, डिस्क एका बाजूनं तापते. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावावं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन आणखी अडकते. शेवटी लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एन्ड. हे सैल असतील तर डिस्कचा बारीक दोषही हाताला मोठा होऊन लागतो. पण नुसते बुश बदलून थांबू नये. थरथर कमी होईल आणि मूळ दोष तसाच राहील.

एवढं सगळं करायला तास-दीड तास लागतो. त्या वेळाची मजुरी मागणं हा मिस्तरीचा हक्क आहे, आणि काय मोजलं ते कागदावर मागणं हा गिऱ्हाइकाचा.

पॅड बदलून देताना ‘चालवा, सेट होतील’ असं सांगायची पद्धत आहे. त्यात थोडं तथ्य आहे. नवा पॅड आणि जुनी डिस्क एकमेकांशी जुळायला वेळ लागतो, पण तो वेळ नुसता जाऊ द्यायचा नसतो, ते काम करून घ्यायचं असतं. मोकळ्या रस्त्यावर साठपर्यंत जाऊन मध्यम दाबानं वेग वीसपर्यंत आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा केलं की पॅडचा माल डिस्कवर सारखा बसतो. मग काही किलोमीटर ब्रेक न वापरता डिस्क थंड होऊ द्यायची. हे केलं नाही आणि पहिल्याच दिवशी महामार्गावर कचकन ब्रेक मारून पाय दाबून धरला, तर पॅडचा ठसा डिस्कवर एका जागी उमटतो. तिथून थरथरीचा जन्म होतो. आणि हाताला स्पष्ट लागणारी थरथर ‘सेट’ होऊन जात नाही, ती वाढत जाते. अशी गाडी महिनाभर चालवा म्हणणाऱ्याला ठामपणे सांगा, आधी मोजा.

खानदेशात आणखी एक समजूत आहे, की आपल्या उन्हानं ब्रेक खराब होतात. जळगाव-भुसावळचं मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन माणसाला असह्य आहे, पण डिस्कला त्यानं काही होत नाही. हजार किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली तर ३८० किलोज्यूलच्या वर ऊर्जा उष्णतेत बदलते आणि तिचा मोठा भाग पुढच्या दोन डिस्कांत जातो. घाटात सतत ब्रेक दाबून उतरलं तर डिस्क कित्येकशे अंशांवर जाते. आपल्या डिस्कांचा घात आपल्या घाट उतरण्यात आहे. कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे येताना, सेंधव्याकडून बिजासन घाट उतरून पळासनेरला येताना, साक्रीच्या पुढे कोंडाईबारीत, डिझेल-पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून नुसत्या ब्रेकवर सोडणारे मी नेहमी पाहतो. खाली आल्यावर चहाच्या टपरीपुढे ब्रेक दाबून धरतात, नाहीतर हँडब्रेक खचकन ओढतात. तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून उभा राहतो, ड्रम थंड होताना आकार सोडू शकतो. कुणी तिथेच पाण्याचा फवारा मारून चाकं धुतो. उपाय साधा आहे. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा, इंजिनाला गाडी धरू द्या, ब्रेक लागेल तेवढा दाबा आणि सोडा. खाली आलात की थोडं अंतर सावकाश चालवा, मग थांबा.

काही जण म्हणतात, थरथरच तर आहे, गाडी थांबते ना? हा विचार धोक्याचा आहे. स्टेअरिंग हलायला लागलं की माणूस घाबरतो आणि पायाचा दाब कमी करतो. ज्या क्षणी पूर्ण ब्रेक हवा त्याच क्षणी तो अर्धा ब्रेक मारतो. शिवाय जाम पिन, झिजलेली डिस्क, सैल बॉल जॉइंट ही थरथरीची कारणं पुढे जाऊन गाडी एका बाजूला ओढतात किंवा चाकच धोक्यात आणतात. ब्रेक दगा देतो तेव्हा काय होतं हे धुळे जिल्ह्यानं पाहिलं आहे. ४ जुलै २०२३ रोजी पळासनेरला घाट उतरून आलेला कंटेनर ब्रेक निकामी होऊन वाहनांवर आणि हॉटेलवर गेल्याच्या बातमीनं सगळा खानदेश हादरला. किमान दहा माणसं गेली. तो अवजड कंटेनर होता, त्याचे ब्रेक वेगळ्या जातीचे आणि बिघाडही वेगळा. पण ब्रेकनं दिलेली पहिली सूचना कुणीही हसण्यावारी नेऊ नये, एवढा धडा तरी आपण त्यातून घ्यायला हवा.

एक गोष्ट गॅरेजमधल्या पोरांसाठी. चाक उघडलं की ड्रममध्ये आणि कॅलिपरवर हवा मारून धूळ उडवायची सवय सोडा. ब्रेकच्या धुळीत काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. भारतात ॲस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाही आणि बाजारातल्या स्वस्त लायनरमध्ये काय मिसळलं आहे याची खात्री कुणी देत नाही. ॲस्बेस्टॉसनं कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. ब्रेक क्लीनर किंवा ओला फडका वापरा, तोंडाला मास्क बांधा. मालकांनी याचे पैसे पोरांच्या पगारातून कापू नयेत.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा, की साध्या माणसाला तपासणीची मजुरी परवडत नाही. पारोळ्याच्या सरांची पिशवी हे त्याचं उत्तर आहे. न लागणारे पार्ट घेणं परवडतं आणि तासाभराची मजुरी परवडत नाही, हा हिशेबच चुकीचा आहे. दुसरा आक्षेप मिस्तरी मंडळींचा. ते म्हणतात, ‘भाऊ, आमचा हातच आमचं माप आहे.’ हाताच्या अनुभवाचा मला आदर आहे, माझं पोट त्यावरच चाललं. बेअरिंगचा आवाज, बुशचा ढिलेपणा, पिस्टनची अडचण हात बरोबर सांगतो. पण शंभराव्या भागातला फरक सांगायला साधन लागतं. चुंबकी स्टँडसह डायल गेज, मायक्रोमीटर आणि टॉर्क रेंच हे सगळं काही हजारांत मिळतं. ज्याच्याकडे हवेची गन घ्यायला पैसे आहेत त्याच्याकडे यालाही असायला हवेत.

दोष एकट्या मिस्तरीच्या माथी मारणंही बरोबर नाही. कंपन्यांनी वर्षानुवर्षं सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती आपल्या अधिकृत सेंटरपुरती धरून ठेवली. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी याच कारणासाठी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड ठोठावला आणि सुटे भाग, निदानाची साधनं, माहिती बाहेरच्या गॅरेजनाही मिळावी असा आदेश दिला. पुढे प्रकरण अपिलांत गेलं. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे. पण दिल्लीतला आदेश जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या गॅरेजपर्यंत मराठी तक्त्याच्या रूपात पोचलेला मला दिसत नाही. प्रत्येक मॉडेलची डिस्कची किमान जाडी, झोलाची मर्यादा आणि नटाचा टॉर्क एवढे तीन आकडे मराठीत छापून भिंतीला लावता आले, तरी शेकडो गॅरेजचं काम सुधारेल.

हे काम जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय आयटीआयनं हातात घ्यावं, अशी माझी मागणी आहे. तिथे कार्यशाळा आहे, निदेशक आहेत, मापनसाधनं आहेत. रात्री गॅरेज बंद झाल्यावर काम करणाऱ्या पोरांसाठी आठवड्याचा छोटा वर्ग घ्यावा. ब्रेक, स्टेअरिंग, मोजमाप, एवढेच तीन विषय. शिकलेल्याला दाखला द्यावा. गॅरेजवाल्यांच्या स्थानिक संघटनांनी दरपत्रकात ‘ब्रेक तपासणी’ ही स्वतंत्र ओळ घालावी आणि ती तपासणी झाली की आकडे लिहिलेला कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा.

गिऱ्हाइकाच्या बाजूनं कायदा आहेच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये पैसे घेऊन दिलेली सेवा आणि तिच्यातली त्रुटी दोन्ही येतात, गाडीची दुरुस्ती त्याला अपवाद नाही. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण बिल नसेल तर कायदा काय करणार? दोन पैसे वाचवायला बिनबिलाचे पॅड घेणारा आपला हक्क स्वतःच सोडून देतो. डुप्लिकेट मालाचा धंदा त्याच सवयीवर चालतो.

म्हणून वाचकांना सांगणं एवढंच. गाडी थरथरली तर पॅडची किंमत विचारू नका, तपासणीची मजुरी विचारा आणि ती द्या. झोल किती निघाला, डिस्कची जाडी किती उरली, नट किती टॉर्कनं आवळले, हे बिलावर लिहून घ्या. काढलेले जुने पार्ट परत मागा. आणि माझ्या धंद्यातल्या भावांनो, मोजल्याशिवाय पार्ट विकू नका, मोजलं की त्याची मजुरी मागायला लाजू नका. ती तुमच्या कामाची खरी कमाई आहे.